एकाच पानावर सगळे

संस्थान विलीन झालं आणि राजवाड्यातली तसबिरींची कामं आटली, तेव्हा जव्हारमधल्या एका चित्रकारांनी मुंबईच्या मुलांच्या मासिकासाठी चित्रकथा काढायला घेतल्या. बाजारामागे भाड्याच्या खोलीत ते राहायचे. मी जामसरच्या शाळेत नवाच मास्तर झालो होतो. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन बसायचो. माझी चिकाटी बघून त्यांनी शिकवायचं कबूल केलं. शिकवणं कमी आणि चिडवणं जास्त.

पहिल्या दिवशी त्यांनी कोरा कागद पुढे टाकला. "सशाच्या शिकारीची गोष्ट सांगा, मास्तर. चित्रांत."

मी मन लावून काढलं. मधोमध शिकारी, भोवती रान, एका कोपऱ्यात ससा, दुसऱ्या कोपऱ्यात घर आणि चुलीवर हंडी.

"सुरुवात कुठून?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही."

"आणि शेवट?"

"तोही इथेच आहे की."

ठसका लागेपर्यंत हसले. मला असा राग आला म्हणता! आमच्या पोशेऱ्याकडच्या पाड्यावर लग्नाआधी भिंत गेरूने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहिणाऱ्या बायकांत माझी आई पुढे. त्या भिंतीवर नवरानवरी, नाचणारी माणसं, ताडावर चढलेला माणूस, मुंग्यांची रांग, सगळं एकदमच चाललेलं असतं. आधी काय, नंतर काय, असं कुणी विचारत नाही. तिच्या शेजारी बसून मी चित्र शिकलो होतो, मग माझं चुकलं कुठे?

"तुमचं चुकलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले, "पण छापणारा भिंत छापत नाही, पान छापतो."

मग चौकटी आखायला लागलो, आणि घोडं आणखी पुढे जाऊन अडलं. एकच माणूस एका पानावर दोनदा काढायला हात धजेना. माणूस एक, तर तो इथे तरी असेल नाहीतर तिथे. म्हणून मी प्रत्येक चौकटीत वेगळा शिकारी काढला. "मास्तर, तुमचा नायक पळून जातो की काय दर चौकटीला?" ते म्हणाले. शेवटी मी त्याला एक टोपी घातली, आणि टोपीच्या आधाराने तो पानभर टिकला.

हळूहळू हात वळला. घाईची गोष्ट अरुंद चौकटींत, निवांत गोष्ट लांबरुंद चौकटीत. जाणारा माणूस उजवीकडे तोंड करून जातो, परतणारा डावीकडे. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "इथे वेळ जातो. इथे काही काढायचं नाही." पान झालं की खालच्या अक्षरांवर हात ठेवून बघायचे. "अक्षरं झाकली तरी गोष्ट कळली पाहिजे." शाईचा तो वास, टाकाची कागदावरची कुरकुर, मध्येच येणारा काळा चहा. त्या खोलीत बसलो तितक्या सुखात मी पुढे कुठेच बसलो नाही.

मग मासिकवाल्यांनी त्यांना मुंबईला बोलावलं. शाई भरायला हाताखाली माणूस हवा होता. "येता का?" त्यांनी विचारलं. या वेळी चिडवलं नाही.

मला जायचं होतं. पण वडील गेलेले, बहिणीचं लग्न झालेलं, घरी आई एकटी. तिने नाही म्हटलं असतं तर मी जामसरलाच राहिलो असतो. घरी गेलो की तोंड उघडायचो आणि नाचणीच्या पिकाबद्दल विचारून गप्प बसायचो. शेवटी ठरवलं, पानच काढायचं. आईला कुठे अक्षरं येत होती!

पहिल्या चौकटीत आम्ही दोघं अंगणात भाकर खातोय. दुसरीत मी बोचकं बांधतोय. मग पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घाट आणि एसटी. त्याखाली मुंबईची खोली, मी वाकून चित्र काढतोय. शेवटी दारात उभी आई. माझ्या डोक्यावर टोपी सगळीकडे तीच. चित्रकारांनी पान बराच वेळ बघितलं आणि एकही रेघ न बदलता परत दिलं.

घरी जाऊन मी ते आईपुढे ठेवलं. ती माझ्यासारखी डावीकडून उजवीकडे गेली नाही. आधी एसटी बघितली, मग अंगण, मग खोली, पुन्हा अंगण. भिंत बघायची तसं तिने ते पान बघितलं.

"यो तू?"

"हो."

"अन् योही तू. मुंबयला." तिचं बोट शेवटच्या चौकटीवर थांबलं. "ही मी. हिच्याजवळ कोनी नाय."

नोकरी सोडायची नाही, उद्याच जाऊन त्यांना नाही सांगायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं. तेवढ्यात तिचं बोट वर सरकलं आणि अंगणातल्या माझ्या टोपीवर टेकलं.

"अंगनातला यो माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली, "बाकीचे जाऊ देत."