रहेमतुल्लाची मंदी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून सात-आठ वर्षं झाली होती. खामगावचा रहेमतुल्ला पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या-रजया भरत फिरायचा. त्या कार्तिकात तो पिंपळगाव राजाहून खामगावाकडे पहाटेच निघाला. धुकं दाट होतं. चालता चालता उजाडलं, धुकं विरलं, पण पांढरेपणा काही विरेना. दोन्ही बाजूंना बोंडं फुटली होती, पार आभाळाच्या कडेपर्यंत. आपण ढगांमधून चालतोय, असं त्याला वाटत राहिलं.

खामगावच्या बाजारात हवा वेगळीच होती. अवकाळी पावसानं बोंडं सडली, यंदा कापूस दिसायचा नाही, असं जो तो म्हणत होता आणि भाव चढत होता.

रहेमतुल्ला जन्मात कधी सट्टा खेळला नव्हता. तो सरळ भगवंतराव दलालांकडे गेला.

"माह्या नावानं दहा बोजे इका. महिन्याचा वायदा."

"तुह्याजोळ कापूस कुठी हाय बे?"

"नाही ना. आज महाग इकतो. गाड्या आल्या की भाव पडन, तवा सस्त्यात घेऊन देतो."

भगवंतराव हसले. "सारा बाजार तेजीत, अन् तू एकटा मंदीत?"

"म्या डोयानं पाह्यलं."

भाव आठ दिवस चढतच राहिला. "काय मंदीवाले!" अशी हाक चौकाचौकात यायची. दोन दिवस रहेमतुल्लाही हसला. मग काम करता करता त्याचा हात थांबू लागला. आपण पाहिलं तो कापूस होता, की नुसतं धुकं? एवढी जाणती माणसं चुकतील कशी?

त्याची बायको जमीला म्हणाली, "पुन्हा जाऊन पाहून या ना. सहा कोस तं हाय."

तो गेला नाही. गेलो आणि तिथं काहीच नसलं तर, याची त्याला भीती वाटली. नवव्या दिवशी त्यानं सगळ्यात चढ्या भावानं दहा बोजे विकत घेऊन सौदा सोडवला. जमीलाचे चांदीचे तोडे त्या तोट्यात गेले. तरी त्या दुपारी त्याला गाढ झोप लागली.

पाच दिवसांनी गाड्या आल्या. पिंपळगावच्या वाटेवर बैलांमागं बैल, पांढऱ्या राशी डुलत येत होत्या. दुपारपर्यंत भाव कोसळला. रहेमतुल्लानं एका गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला. ऊन पिऊन कापूस कोमट झाला होता.

"पाच दिवस काऊन नाही थांबला?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"नाही थांबता आलं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं. "पन कापूस होता, भगवंतराव. खराच होता."

कापूस इतका स्वस्त झाला, की ज्यांनी कित्येक वर्षं फाटक्या वाकळींवर हिवाळा काढला होता, त्यांनीही रजया भरायला आणल्या. पौष सरेपर्यंत रहेमतुल्लाला उसंत नव्हती. अंगणात कवडशांमधून पिंजलेल्या कापसाचे तंतू हिमासारखे तरंगत राहायचे. जमीला टाके घालता घालता मान वर करून, बर्फ कधी न पाहिलेल्या डोळ्यांनी ते बघत बसायची.