सुक्या शॅम्पूचा डबा

“माझा डबा कोणी रिकामा केला?” धाकटी जाऊ अंगणात उभी राहून अशी काही ओरडली, की शेजारच्यांच्या म्हशीनं त्या दिवशी दूध चोरलं. तिच्या हातात ड्राय शॅम्पूचा उंच, पांढरा, फवाऱ्याचा डबा. हलवला तर आत नुसती खडखड.

मी स्वयंपाकघरात. डोक्यावर पदर घट्ट, आणि लाटण्याच्या टोकानं पदराखाली खाजवणं चालू.

“माह्याकडे काऊन पाहून राह्यली?” मी म्हटलं. तिनं अजून पाहिलंही नव्हतं.

आता सांगते. ती पुण्याहून या घरात सून म्हणून यायच्या आधी केस म्हणजे माझेच. मी एस.टी.तून उतरल्यावर माझी वेणी दोन मिनिटांनी उतरायची, कंडक्टर बिचारा घंटी धरून थांबायचा. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, “केस पाहा हो मोठीचे!” मग धाकटी आली. सुळसुळीत केस, कपाळावर भुरभुरणारे. सासूबाईंचं वाक्य तेच राहिलं, फक्त मोठीची धाकटी झाली.

ती दिरासोबत पुण्यातच राहते. त्यात नणंदेचं लग्न आलं आणि ही दहा दिवस आधीच येऊन बसली. आमच्या गावात नळ येतो बारा दिवसांनी. डोक्यावरून न्हायचं तर घरातल्या बायकांची रांग लागते. आणि ही सकाळी आरशापुढे फुस्स करते, बोटं फिरवते, की केस ताजे! पाण्याचा थेंब नाही. माझ्या पोटात जे पेटलं, त्यावर अख्ख्या लग्नाचा भात शिजला असता. ठरवलं, मांडवात लोकांनी वळून पाहायचं ते माझ्याकडेच.

मग तो डबा माझ्या हातात आला. आला म्हणजे, मी फळीकडे पाहत होते आणि तो घसरला. सहा दिवस रोज घसरला.

आता शॅम्पू म्हटलं की आधी तेल, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत. तेल न थापता न्हायला बसलं तर आई पाठीत धपाटा घालायची. म्हणून मी आधी वाटीभर खोबरेल जिरवलं, मग फुस्स. जवळून, मुळाशी, सढळ हातानं. पहिल्या दिवशी डोक्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी लापशी. वर पुन्हा तेल, पुन्हा फुस्स. सहाव्या दिवशी वीस पोळ्यांची कणीक तयार! खाज तर अशी, की भिंतीला डोकं घासावं. आणि त्या सकाळी फणीत केसांचा पुंजका आला. तेव्हा मात्र मी पदर घट्ट ओढून घेतला. मिरवायचे केस फणीतच राहिले तर?

धाकटीची ओरड ऐकून सासूबाई आत आल्या आणि त्यांनी माझा पदर ओढला. “अवं, पिठाच्या डब्यात डोकं घातलं काय वो?”

आता धाकटी तोंड सोडते, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, “चला, ताई.” आणि स्कूटीवर मागे बसवून मला खामगावला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं, हसू दाबलं. “यानं केस धुतल्या जात नाही, बाई. तेलकटपणा तेवढा शोषून घेते, मळ जागच्या जागीच राह्यते. कोरड्या केसाले, वीतभर लांबून, कधीमधी मारलं तर चालते. रोज नाही. नंतर पाण्यानं धुवाच. अन् चुलीजवळ तर मारूच नका, भडका व्हायचा.” केस काही सगळे जाणार नव्हते. पण फवारा बंद, तेल बंद, आणि औषध लावून धुणं.

धुणं! नळाला अजून चार दिवस होते. घरी आल्यावर धाकटीनं तिच्या वाट्याची बादली माझ्यापुढे ठेवली. मला त्याचाही रागच आला. चांगुलपणातही हीच पुढे!

ती माझ्या डोक्यावर तांब्या ओतत होती. मी मान खाली घालून, अगदी साळसूद आवाजात विचारलं, “खरं सांग वो, तिकडे तू आणखी काय लावते? दुसरा डबा असंल एखादा, लपवलेला.”

“काही नाही, ताई. हा इथं पाणी नसतं म्हणून आणला होता. आमच्याकडे नळ रोज येतो.”