कोऱ्या कापसाचा वास

माझी परफ्यूमची बाटली संपली आणि आम्ही सांगलीला जायचं ठरवलं. एका वासासाठी साताऱ्याहून एवढं लांब? लेक फोनवर पोट धरून हसली. बाटली तिनेच माझ्या साठीला दिलेली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी काही सुवासिक लावून आलं, तर सिस्टर मनगटं धुऊन यायला लावायच्या, त्यामुळे आयुष्यातलं हे माझं पहिलंच परफ्यूम. सोबत एक कार्ड होतं: लाकूड आणि फुलांचा मेळ, स्त्री-पुरुष दोघांसाठी, लावणारी व्यक्ती शांत, ठाम, किंचित गूढ. मी ते लावलं की हे म्हणायचे, "शांत, ठाम, जरा गूढ. आल्या बाईसाहेब!" सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. कौतुक करणं त्यांना तसं जमत नाही, म्हणून तर ते वाक्य मला हवं असायचं. कंपनीने ते परफ्यूम बंद केल्याचं कळलं तेव्हा मी घाबरलेच. सांगलीच्या पेठेत एक अत्तरवाले चाचा रिकामी बाटली हुंगून तसंच अत्तर जुळवून देतात, असं शेजारणीने सांगितलं.

साडेसहाला निघालो. उंब्रजला गरम भजी आणि चहा, दोघांचे मिळून शंभर रुपये. कराडहून मुद्दाम कुंडलचा रस्ता धरला, कारण ह्यांना तिकडचा ऊस बघायचा होता. तुम्ही गळिताच्या हंगामात जाणार असाल, तर ट्रॉल्यांच्या मागे रखडायला पाऊण तास जादा धरा. कुंडलच्या अलीकडे एक गुऱ्हाळ दिसलं. "व्वा, गुळाचा वास काय सुटलाय!" हे म्हणाले. गाडीच्या काचा वर होत्या. मीही खुशाल "हो ना" म्हटलं.

माधवनगर ओलांडून अकराच्या सुमारास सांगलीत पोचलो. पेठेत गाडी लावायला जागा नाही, ती बाहेरच ठेवून चालत जावं. चाचांचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली की भरलं. त्यांनी माझी बाटली बराच वेळ हुंगली.

"चंदन हाय, गुलाब हाय, खाली वाळा. बाई, हे एकट्या बाईचं न्हाई आन् एकट्या बाप्याचंबी न्हाई."

"लावणारा माणूस कसा असेल मग?" मी विचारलं.

"कमी बोलणारा. पण मनातलं लय दडवणारा."

"मग हे हिचं न्हाई, माझंच," हे म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो.

चाचांनी थेंब थेंब मोजून मिश्रण केलं. ह्यांच्या हातात कापसाचा एक फाया दिला आणि कुपीचं बूच काढायला वळले. ह्यांनी फाया नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं. मी आशेने हसत होते.

"हाच! आधी लाकूड, मागनं फूल. लय भारी जमलंय, चाचा!"

चाचांचा हात बुचावर तसाच राहिला. "आवं साहेब, कोरा कापूस हाय त्यो. थेंब कुठं टाकलाय अजून?"

मी आधी हसले. मग ह्यांचे कान लाल झालेले दिसले. मी फाया काढून घेतला, अत्तरात बुडवला आणि पुन्हा त्यांच्या नाकाशी धरला.

"आता?"

ते फायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. "आता झ्याक."

"खरं सांगा."

"न्हाई येत गं काय वास. कोरोनातल्या त्या तापापास्नं."

बाटली त्यानंतरची. म्हणजे हे परफ्यूम ह्यांनी कधीच, एकदाही हुंगलेलं नव्हतं. ते कार्ड मला वाचून दाखवत होते!

चाचा म्हणाले, "नाक जातंय साहेब, लय जणांचं गेलं. पण एवढी वर्सं? तुमी फौजेत हुता का नाटकात?"

दहा मिलीची कुपी सातशे रुपयांना घेतली. ती आता कशासाठी, हे मलाही कळत नव्हतं.

येताना आम्ही पेठ नाक्याला हायवेला लागलो. मग मी विचारलं, "आणि रोज माझ्या आमटीचा वास ओळखता तो कसा?"

"तुझ्या तोंडाकडं बघितलं की कळतंय. करपलं की तुझ्या भुवया वर जात्यात."

तेवढ्यात मला दुसरंच आठवलं. लेकीच्या बाळंतपणाला मी दोन महिने तिच्याकडे होते. घरात हे एकटे, आणि गॅस!

"रोज रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचो," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं, तर तू गेली असतीस का तिच्याकडं?"

मला रागही आला आणि रडूही. गेले नसते, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं, गॅस गळला तर वाजणारं यंत्र बसवून घेतलं. अत्तर छानच जमलंय, हुबेहूब. मी ते लावते. हे आता ते कार्डावरचं वाक्य म्हणत नाहीत, आणि पहिले दोन दिवस ते फार जड गेलं. सांगली म्हटलं की मला अत्तर आठवत नाही, ते लाल कान आठवतात.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाक करत असताना हे आत आले. "काय वास येतोय आता?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं.

"लसणाची फोडणी."

"ते दिसतंय मला. वास कसा हाय?"

लसणाचा वास लसणासारखा, याच्या पुढे माझी मजल जाईना. ते ओट्याला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी गॅस बारीक केला.

"आधी जरा झोंबतो," मी म्हटलं, "मग गोड व्हायला लागतो..."