वीस आयांचा पेपर

शनिवार, १५ नोव्हेंबर. ठाणे. सकाळचे दहा.

हजर : आमचं कोर्सवर्क घेणारे सर. कल्याणच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही केमिस्ट्री म्हणायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक शिक्षिका, राहणार बाळकुम, आमच्यात वयाने सगळ्यात लहान आणि आवाजाने सगळ्यात मोठी. आणि मी. गैरहजर : कोणी नाही. दिवाळीनंतरचा पहिलाच वर्ग होता, त्यामुळे फराळाचे तीन डबेही हजर होते.

माझं वय एकोणपन्नास. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूच्या एका शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायचं डोक्यात आलं तेव्हा मी कागदाला मधोमध रेघ मारून दोन रकाने पाडले होते, ‘का करावी’ आणि ‘का करू नये’. दुसऱ्या रकान्यात पाच मुद्दे झाले, पहिल्यात एकच : ‘मला करायची आहे.’ नवऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, “मग एवढी यादी कशाला केलीस?”

पीएच.डी. म्हटलं की थेट प्रबंध लिहायला बसता येत नाही. आधी कोर्सवर्क, म्हणजे संशोधन कसं करायचं याचे रीतसर वर्ग, गृहपाठ आणि परीक्षा. लोक याला कंटाळतात म्हणे. मी तर आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. चोवीस वर्षं दुसऱ्यांना गृहपाठ दिलेला, आता मला कोणीतरी देत होतं! मी नव्या वह्या आणल्या, कव्हरं घातली, लेबलं लावली. पहिल्या बाकावर बसायचे. सर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण ते वर्गात आले की मी उभी राहायचे. त्यांनी दोनदा सांगितलं, “मॅडम, बसा हो.” तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं.

त्या शनिवारी पायलट तपासायचा होता. पायलट म्हणजे मुख्य संशोधनाआधीची रंगीत तालीम. आपण केलेली प्रश्नावली थोड्या लोकांकडून भरून घ्यायची आणि प्रश्न नीट चालतात का ते बघायचं. माझा विषय होता, घरी मुलांच्या अभ्यासाला कशी मदत होते. आमच्या शाळेत बरीच मुलं कोपरच्या पुढच्या स्टेशनावरून, दिव्याहून येतात. त्यांच्यातल्या वीस जणांच्या आया मी निवडल्या. बऱ्याचशा एकाच इमारतीतल्या, बाकीच्या शेजारच्या. पालकसभेला दहा प्रश्नांचा कागद दिला. वीसच्या वीस भरून परत आले, तेही वेळेत.

सरांनी विचारलं, “मॅडम, तुमच्या प्रश्नावल्या?”

मी फाइल पुढे केली आणि अभिमानाने म्हटलं, “आणल्यात ना सर. तपासूनसुद्धा झाल्या.”

“तपासून म्हणजे?”

सरांनी फाइल उघडली. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर सगळी उलटली. केमिस्ट्रींनी मान लांब केली. बाळकुमची तर उठून मागेच येऊन उभी राहिली.

झालं होतं असं. शुक्रवारच्या मोकळ्या तासाला मी स्टाफरूममध्ये सातवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. ते संपले. खाली प्रश्नावल्या होत्या. हातात लाल पेन होतं. हाताने काम थांबवलंच नाही. ‘मुलाचा अभ्यास रोज घेता का?’ याला एकीने ‘नाही’ लिहिलं होतं, त्यावर काट, शेजारी शेरा : ‘रोज घ्यावा.’ ‘अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आहे का?’ ‘नाही.’ काट. ‘टीव्ही किती वेळ चालतो?’ ‘रात्री तीन तास.’ काट, आणि वर माझ्या अक्षरात ‘अर्धा तास पुरे’. काही ठिकाणी तर मूळ उत्तर इतकं गिरवून खोडलेलं की मलाच वाचता येईना. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात गोल करून गुण. आणि गुणांप्रमाणे लावलेला गठ्ठा, नऊवाली वर, तीनवाली तळाला. हे करताना मला क्षणभरही काही वावगं वाटलं नव्हतं. उलट एक काम वाढीव झालं म्हणून यादीत खूण केली होती.

सरांनी गठ्ठा पुन्हा वरपासून तळापर्यंत चाळला. मग म्हणाले, “किती पास, मॅडम?”

“चौदा,” मी सांगितलं. खरंच सांगितलं. मोजलेलेच होते.

बाळकुमची जी हसत सुटली ती खाली बसलीच. “अगो बाय! आयांना नापास केलंस तू? आयांना?” केमिस्ट्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यांनी चष्मा काढून ठेवला. सर तोंडासमोर फाइल धरून हसत होते, खांदे हलत होते. शेवटी मीही हसले. पण हसता हसता मी मनात दिवस मोजत होते, कारण अहवालाची तारीख मला पाठ होती.

सरांनी ती सांगितलीच. “पुढच्या शनिवारी अहवाल हवा. त्यानंतर मी गुण पाठवतो. अहवाल नसेल तर हा पेपर राहिला, तो पुढच्या बॅचबरोबर.” पुढची बॅच म्हणजे एक वर्ष. आणि शनिवारची सवलत शाळेने मला याच एका वर्षापुरती दिली होती, लेखी. पेपर राहिला असता तर शाळा सोडा नाहीतर पीएच.डी. सोडा, एवढंच उरत होतं.

चहाच्या सुटीत केमिस्ट्रींनी हळूच तोडगा सुचवला. “कोऱ्या प्रतींवर निळ्या पेनाने उतरवून काढा ना. उत्तरं तर तीच आहेत. जी वाचता येत नाहीत ती अंदाजाने. तासाभराचं काम.”

“तुम्ही प्रॅक्टिकलची रीडिंगं अशीच घेता काय हो?” बाळकुमची म्हणाली.

“मुलं घेतात. मी फक्त ओळखतो,” केमिस्ट्री म्हणाले आणि चकली मोडली.

खोटं कशाला सांगू, मला तोडगा आवडला होता. तासाभराचं, घरबसल्या होणारं काम कोणाला नको? मी तो यादीत लिहिणारही होते. पण सर कप ठेवायला आले होते, त्यांनी ऐकलं असावं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅडम, जो कागद तुम्ही त्या बायकांना दाखवू शकत नाही, तो वापरू नका.”

मी यादी वेगळी केली.

१. कोऱ्या प्रती, वीस. २. निळी पेनं. ३. बिस्किटांचे पुडे, चार. ४. माफी. थोडक्यात.

चौथ्यापुढे मी दोन वाक्यंही लिहून ठेवली. रविवारी अकरा वाजता दिव्याला पोचले. त्या इमारतीतल्या एका आईला आदल्या दिवशी फोन केला होता. तिने बाकीच्यांना आपल्या मजल्यावरच्या बोळात गोळा केलं होतं. सकाळी पाणी येऊन गेलेलं, त्यामुळे सगळ्या मोकळ्या होत्या, दाराबाहेर भरलेली पिंपं आणि त्यांच्यामध्ये चटया. पंधरा जणी तिथे, पाच जणी उशिरा आल्या. मी दोन वाक्यं म्हटली आणि लाल झालेले कागद जिचे तिला वाटले.

सगळ्यांनी आधी कोपऱ्यातला गोल शोधला. मग मागून आवाज आला, “बाई, मला तीन?”

ती बोलणारी बाई पॅकिंगच्या कारखान्यात जायची. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता, हुशार. “माझा पोरगा सात-आठ आणतो, आणि मी तीन? घरी कळलं तर मला जेवायला देणार नाहीत.”

“मला नऊ आहेत, नऊ!” दुसरीने कागद वर धरला. “बाई, हा मी परत देणार नाय. शाळेत असताना कधी नऊ मिळालेले नाहीत. नवऱ्याला दाखवते.”

“तू खोटं लिहिलंस म्हणून नऊ,” तिसरी म्हणाली. “रोज अभ्यास घेते म्हणे. रोज तर तू माझ्याकडे असतेस गप्पा मारत.”

“मग काय लिहू? बाईंना बरं वाटायला नको?”

हे ऐकलं आणि मी वहीत टिपून घेतलं. वीस कागदांनी जे सांगितलं नव्हतं ते एका वाक्यात सांगून झालं होतं.

मी कोऱ्या प्रती काढल्या. तीनवाली म्हणाली, “थांबा. आम्हाला तपासलंत, आता तुमचा पेपर आम्ही तपासतो.” तिने माझ्या पर्समध्ये डोकावून लाल पेन उचललं. कुठे असतं ते मुलाकडून कळलेलं असणार. एक कोरी प्रत चटईवर पसरली आणि सगळ्या भोवती वाकल्या.

“अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आहे का. हा प्रश्न काट.”

“का?” मी विचारलं.

“एका खोलीत पाच माणसं. जागा कुठून असणार? विचारायचंच तर असं विचारा, पोरगं अभ्यासाला बसलं की बाकीचे कुठे जातात?”

“कुठे जातात?”

“जिन्यात. सासरा जिन्यात, नवरा खाली नाक्यावर, मी मोरीत भांडी घेऊन.”

मला भराभर लिहावं लागत होतं. ‘रोज किती वेळ?’ या प्रश्नावर अर्धा बोळ बोलायला लागला. पाणी सकाळी आलं तर संध्याकाळी वेळ, संध्याकाळी आलं तर वेळच नाही, टँकरच्या दिवसाचं तर नावच नको. त्या प्रश्नाला अर्धी काट मिळाली, तीही वाद घालून. नऊवाली म्हणत होती, बाईंना अर्धा गुण तरी द्या, तिकडून आल्यात.

नववा प्रश्न होता, ‘अभ्यासात कोण मदत करतं?’ पर्याय चार : आई, वडील, भावंडं, शिकवणी. ‘इतर’ मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. ‘इतर’ ठेवलं की तक्ता विस्कटतो, असं माझं मत होतं.

“यात काकू कुठे आहेत?” एकीने विचारलं.

“कोण काकू?”

“तळमजल्यावरच्या. आमची सगळ्यांची पोरं तिथेच असतात. त्या घरी लसूण सोलायचं काम घेतात, केटरिंगवाल्यांचं. पोती येतात. त्या सोलत बसतात आणि पोरं भोवती वाचत बसतात, मोठ्याने.”

“त्या शिकवतात?”

“छे! त्यांना सही येत नाय. पण पोरगं अडखळलं की म्हणतात, आता जे वाचलंस त्याचा अर्थ सांग मला. सांगता नाही आला तर पुन्हा वाचायला लावतात.”

मी विचारलं, तुमच्यापैकी किती जणींची मुलं तिथे बसतात? अकरा हात वर झाले. माझ्या चार नीटनेटक्या पर्यायांत त्या अकरा जणींना खूण करायला जागाच नव्हती, आणि तरी त्यांनी कुठेतरी खूण केली होती, कारण मी रिकामं सोडू नका म्हणून बजावलं होतं.

शेवटी गुण ठरले. दहापैकी चार. तीनवालीने कोपऱ्यात गोल केला, माझ्यापेक्षा सुबक, आणि खाली शेरा लिहिला : ‘पुन्हा लिहा.’ बिस्किटं संपली होती, बाकीच्या कोऱ्या प्रती तशाच राहिल्या होत्या. कोणीतरी आतून पोहे आणले.

आठवडाभर शाळेतून आल्यावर मी फक्त तो अहवाल लिहिला. प्रश्न का बदलले, कोणाच्या सांगण्यावरून बदलले, पहिला गठ्ठा का बाद केला, सगळं. लाल पेनाचा प्रसंगही लिहिला, गाळला नाही. शनिवारी सरांच्या टेबलावर आयांनी तपासलेली ती प्रत वर ठेवली. त्यांनी ती वाचली, शेरा वाचला, आणि पेन काढून पहिल्या पानावर सही केली.

“हा झाला पायलट,” ते म्हणाले.

“सर, चार गुण आहेत पण,” केमिस्ट्री म्हणाले.

“चारवाल्यांनाच पुढे जायचं असतं. दहावाल्यांना काय काम?”

बाळकुमचीने तिच्या आईकडून तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं आणलं होतं. केमिस्ट्री शाकाहारी, त्यांनी कोरडी भाकरी खाल्ली आणि तीही चार. मी इतकी हसत होते की सरांनी पहिल्यांदाच मला वर्गात शांत बसायला सांगितलं. जाताना मी घरी फोन केला. नवऱ्याने विचारलं, “पास?” मी म्हटलं, “पास.” पलीकडून त्याने कोणाला तरी ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं.

नवी प्रश्नावली आता तयार आहे. नवव्या प्रश्नात ‘शेजारी’ आलं आहे आणि ‘इतर’सुद्धा, समोर रिकामी रेघ ठेवून. फक्त काकूंना भेटायचं राहिलं आहे. त्या रविवारी त्या गावी गेल्या होत्या. पुढच्या खेपेला पोती उतरवून घेत होत्या, बोलायला सवड नव्हती. त्यांनी एका आईकडून निरोप पाठवलाय, लिहायचं जमणार नाही, बाईंनी तोंडी विचारावं आणि विचारताना हात रिकामे ठेवू नयेत, सोलायला बसावं. सुट्टीच्या कुठल्या तरी दिवशी जायचंय. अजून गेलेले नाही.