न दिलेली ओ

मी कामाला बसलो की मेल्यात जमा असतो, असं बायको म्हणायची. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

साकोलीपासून थोडं आत, जंगलाला लागून असलेल्या गावात आम्ही दोघं राहतो. नागपूरची नोकरी सोडून मी घरी आलो तेव्हा लोक म्हणाले, आता हा बाजेवर लोळणार. मी भाषांतराचं काम करतो. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो मराठीत मी लिहितो. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणीतरी दोनाऐवजी चार गोळ्या घेईल, अशी सतत धास्ती. आणि हे काम घरी बसून करायचं. दारात भाजीवाला येतो, शेजारचा चार्जर मागायला येतो, बकरी ओट्यावर चढते. पहिल्या वर्षी माझं नुसतं एक ना धड भाराभर चिंध्या असं चाललं होतं.

मग मी नियम केले. फोन तांदळाच्या कोठीत. कानात कापसाचे बोळे. खोलीचं दार लोटलेलं. पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं अंगणात फेऱ्या. पन्नास मिनिटांच्या आत कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, हातातलं वाक्य संपलं की द्यायची.

बोळ्यांतूनही हाक यायचीच. पण वाक्य संपेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असायचं. बायको दोनदा हाक मारायची, मग दार ढकलून माझ्याकडे बघायची आणि परत जायची. जेवण झाकून ठेवायची. एकदा तिचा हात भाजला तेव्हाही ती दारापर्यंत येऊन गेली होती, हे मला संध्याकाळी पट्टी दिसल्यावर कळलं. काम मात्र दुप्पट व्हायला लागलं, आणि दुप्पट काम होत असलं की माणसाला आपलं सगळंच बरोबर वाटतं.

त्यात मी स्वतःला शहाणा समजायचो. नुसता कामाचा किडा व्हायचं नाही, आयुष्यात समतोल पाहिजे, हे मी वाचलं होतं. म्हणून त्या समतोलाचंही मी वेळापत्रक केलं. उन्हाळा लागताच ठरवलं की मोहाच्या दिवसांत रोज सकाळी बायकोबरोबर फुलं वेचायला जायचं. शरीराला व्यायाम, बायकोला सोबत, आणि नऊला परत टेबलावर. ती हसली. "तुमी? वाकाले जमते का तुमाले?" पण खूश झाली. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासाठी वेगळी टोपली काढून ठेवली होती.

मोह पहाटे गळतो. उजाडायला लागलं की झाडाखाली फिकट पिवळ्या, रसरशीत फुलांचा सडा पडलेला असतो आणि ऊन चढायच्या आत तो उचलायचा असतो. आम्ही पाच जणं जायचो. पलीकडच्या घरची काकी, तिच्या दोन सुना, बायको आणि मी. काकीचं वय साठीच्या पुढचं, पण जंगलात तिचाच शब्द. तिचे नियम माझ्या नियमांपेक्षा जुने होते. वाघाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'तो' म्हणायचं. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं ताठ उभं राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम हाकेचा. काकी मधूनमधून "कूऽऽ" करायची आणि ज्यानं त्यानं जिथं असेल तिथून लगेच ओ द्यायची. काकी बोटांवर मोजायची. एक ओ कमी पडली की टोपल्या तिथंच टाकून सगळ्यांनी गोळा व्हायचं आणि मिळूनच शोधायला जायचं. एकट्यानं कुणीही जायचं नाही, आपलं पोर असलं तरी.

त्या वर्षी भीती होतीच. शेजारच्या गावात एका बाईला त्यानं मोहाखालीच धरलं होतं. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली की एकटे जाऊ नका, अंधारात जाऊ नका. मी पहिले चार दिवस जीव मुठीत धरून वेचलं. पानं वाजली तरी काळजात धस्स व्हायचं. बायको म्हणायची, "भेव ठेवा, पर हात चालू ठेवा." ती नागझिऱ्याकडच्या गावातली, लहानपणापासून मोह वेचणारी. तिची नजर फुलांवर असायची आणि कान सगळ्या रानभर. हे दोन्ही एकाच वेळी कसं करतात ते मला कधीच जमलं नाही.

पाचव्या दिवशी माझा हात बसला. बुंध्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल बाहेर सरकायचं, अशी पद्धत मी शोधून काढली. एकही फूल सुटत नव्हतं. भीती कुठच्या कुठे गेली. एक झाड, दुसरं झाड, मग नाल्याच्या अंगाला तिसरं. ते सगळ्यांत भरलेलं होतं. बाकीच्या चौघी मागं राहिल्या. खोलीत दार लोटून बसल्यावर जसं लागतं तसं माझं लक्ष लागलं होतं, आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.

काकीचं "कूऽऽ" आलं. मी ऐकलं. सुनांनी ओ दिली, बायकोनं दिली. माझ्यासमोर हातभर जागा उरली होती. मनात म्हटलं, एवढं संपलं की देतो.

मग बायकोची हाक आली. "अजी, ओऽऽ!" तीही मी ऐकली. त्या दिवशी कानात बोळे नव्हते. चांगली स्पष्ट ऐकली, आणि कानाडोळा केला. उरली होती फक्त चार मुठी फुलं. पुढे आणखी एक हाक आली, जरा जवळून, आणि मग काही नाही. चार मुठी उचलून मी ताठ उभा राहिलो, कंबर चोळली, टोपलीकडे समाधानानं पाहिलं आणि जोरात ओ दिली.

कुणाचाच आवाज आला नाही.

वरच्या फांदीवरून एक माकड, त्याची चाहूल लागली की ओरडतं तसं, खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. मी पुन्हा ओ दिली. मग बायकोला हाक मारली. नाल्याच्या पलीकडून काहीतरी उत्तर येईल म्हणून थांबलो. टोपली टाकून मी मागं पळालो. मोठ्या मोहाखाली काकी आणि तिच्या सुना एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. तिघीच.

"ते कोठी हाये?" मी विचारलं.

"तुमालेच पाहाले गेली," काकी म्हणाली. "मी नाई म्हनलं, बाबू. हात धरला तिचा. झटकून गेली."

मी धावत सुटणार होतो. काकीनं मागून माझा सदरा घट्ट धरला. "आता एक गेली, दोन नाई जाऊ देत," ती म्हणाली. तिनं विळ्यानं पाण्याचा डबा बडवायला सुरुवात केली. आम्ही चौघं खांद्याला खांदा लावून, ओरडत, अंगणात लहान मूल चालतं तसे सरकायला लागलो. मी दर दोन पावलांवर तिला हाक मारत होतो. ती ओ देत नव्हती. मला वाटत होतं की तिनं ओ दिली नाही याचा अर्थ एकच. कुठं धरलं असेल, किती लांब नेलं असेल, हे सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. मी देवाला हात जोडत नव्हतो. मी मनात ती चार मुठी फुलं परत ठेवत होतो.

ती आम्हाला नाल्याच्या अलीकडे दिसली. एका ऐनाच्या झाडाला पाठ लावून ताठ उभी. डोळे समोरच्या घाणेरीच्या झुडपावर. आम्ही चौघं ओरडत तिच्याकडे येत होतो, तरी तिनं आमच्याकडे मान वळवली नाही. काकीनं डबा आणखी जोरात बडवला. झुडपामागे काहीतरी जड हललं, पाचोळा वाजत वाजत नाल्याकडे लांब गेला. मला ते दिसलं नाही. झुडपाखाली ओल्या मातीत उमटलेले पंजे पाहून थोरली सून तिथंच खाली बसली.

बायकोला मधे घेऊन आम्ही रस्त्यावर आणलं. डांबर लागल्यावर ती मैलाच्या दगडावर बसली, पाणी प्यायली, आणि मग म्हणाली, "वीस पावलावर बसून होता. मले पाहून राह्यला होता. तुमची हाक आयकू येत होती. तोंड उघडलं असतं तं उठला असता."

मी तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

"पयले तं मले वाटलं, तुमाले खाऊन बसला हाये," ती म्हणाली. "दोन हाका मारल्या, ओ नाई. म्हनलं, संपलं. मंग तुमची ओ आली. रडू आलं, पर रडता बी येत नवतं." आणि मग सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "काहून नाई देल्ली ओ?"

मी म्हणालो, "आयकूच नाई आली."

काकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा मागच्या रानाकडे. नाल्याजवळचं माझं झाड तिथूनही दिसत होतं, हाक सहज पोचेल एवढं जवळ. बायको पदरानं तोंड पुसून उठली आणि पुढे चालायला लागली.

मोहाचे उरलेले दिवस ती काकीबरोबर गेली. मला विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. घरी मी बोळे फेकून दिले, दार सताड उघडं ठेवलं, फोन टेबलावर आणला. पण लक्ष म्हणाल तर ते गेलं ते गेलंच. वाक्य अर्धं झालं की कान दाराकडे लागायचे. भांडं पडलं तरी उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचो. एका कागदावर मी 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणाआधी' लिहून बसलो. पाठवायच्या आधी सापडलं म्हणून बरं, पण त्या दिवशी तोच कागद मी पाच वेळा वाचला. लक्ष लावावं तर घरात कुणीतरी मरेल, न लावावं तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरात. समतोल समतोल म्हणून मी ज्याचं वेळापत्रक केलं होतं, तो हा होता का? रोज सकाळी खुर्ची ओढताना मला भीती वाटते, आजही.

आणि बायकोनं मला हाक मारणं सोडून दिलं. भांडण नाही, अबोला नाही. नीट बोलते, हसते, वाढते. पण काही हवं असलं की उठून येते आणि मी मान वर करेपर्यंत दारात उभी राहते. मी ओ द्यायला इतका टपून बसलेला असतो, पण हाकच येत नाही. खरं काय ते तिला सांगून टाकावं असं कितीदा तरी मनात आलं. जेवताना आलं, साकोलीच्या बाजारातून येताना एसटीत आलं. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. ऐकू आलं नाही म्हणणारा नवरा एकवेळ बहिरा ठरेल. ऐकू आलं म्हणणारा कोण ठरेल?

यंदा मोह लवकर गळायला लागला. पहिल्याच पहाटे ती टोपली घेऊन निघाली. मीही चप्पल घातली.

"तुमी नोका येऊ," ती म्हणाली.

"आता मी पयल्या हाकेले ओ देईन."

"तवा बी तुमाले आयकू आल्ती."

ती रागानं म्हणाली नाही. मी दाराची कडी धरून उभा होतो. म्हणालो, "हो. आल्ती."

तिनं मान हलवली. टोपली कमरेवर नीट घेतली.

"वाघाचं भेव लागलं तं काकीचा हात धरीन," ती म्हणाली. "तुमचं भेव लागलं तं कोनाचा धरू?"

रस्त्यावरून काकीनं हाक मारली. तिनं लगेच ओ दिली आणि ती निघून गेली.