कवटीतली पांढरी माती

ती घटना आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धेकाठच्या एका ठाण्यावर मी जमादार होतो.

एका सकाळी गावचा कोतवाल धापा टाकत आला. एका शेतकऱ्याच्या कपाशीत डवरा फिरवून तण काढताना माणसाची कवटी आणि हाडे वर आली होती. त्याचा धाकटा भाऊ वाटणीवरून भांडून महिनाभर बेपत्ता होता. गावाने निकाल देऊन टाकला होता. मीही शेतकऱ्याला हातकड्या घालून आणले.

"भावाले मी मारलं नाई," एवढेच तो म्हणे. हाडे शेतात कशी आली, हे विचारले की मान खाली घाली. खोटे बोलणारा आधी बडबडतो, हा माझा अनुभव. याच्या तोंडून शब्द फुटेना. वरिष्ठ मात्र फाशीचीच भाषा बोलत होते.

मुद्देमाल पुन्हा तपासताना कवटीतून एक ढेकूळ निघाले. शेतकऱ्याची जमीन काळीभोर. ढेकूळ राखेसारखे पांढरे, आत जुन्या मडक्याची खापरी. अशी माती एकाच जागी होती. नदीकाठच्या टेकाडावर कुणा पुरातन लोकांनी आपली माणसे पुरली होती. तिथली माती टाकली की कपाशी जोमाने येते. पण टेकाडाला हात लावू नये असा इंग्रज साहेबाचा हुकूम होता, आणि खणेल त्याचा वंश बुडतो असा गावाचा धाक.

मी कोठडीत जाऊन शेतकऱ्याला विचारले, "माती टेकाडावरून आणलीस ना?"

त्याने माझे पाय धरले. "बायको पोटुशी हाय, साहेब. गावाले कळलं तं तिले विहिरीवरबी येऊ देनार नाईत. मले फाशी द्या, पण हे कोनाले सांगू नोका."

पण पंचनाम्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

पाटील आणि पंचांना घेऊन भर दुपारी टेकाडावर गेलो. पंच पाय ओढत चालत होते. मागच्या बाजूला वळलो आणि थबकलो. सगळी कूस पोखरलेली होती. खड्ड्यांवर बाभळीचे काटे टाकलेले, आणि गाड्यांच्या चाकोऱ्या चहूकडच्या वावरांत गेलेल्या. कुणी कुणाकडे बघेना.

शेवटी पाटील पुटपुटले, "माह्याबी वावरात अशीच हाडं निघाली होती. मी परत पुरली."

"म्हणजे ही हाडे जुनी आहेत, हे तुम्हाला ठाऊक होते? मग तो फासावर जात असताना बोलला का नाहीत?"

"भेव वाटलं, साहेब."

शेतकरी सुटला. भाऊ पुढे रेल्वेच्या कामावर खडी फोडताना सापडला. टेकाडावर सरकारी पहारा बसला.

नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण सगळे गाव एकाच माणसाकडे बोट दाखवू लागले की त्या आरोपीपेक्षा मला गावाचीच भीती वाटते, आजतागायत.