तंबू-बांबू

माझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव मी वाचून दाखवला होता. उभा करायचा तेवढा राहून गेला.

परतवाड्याला आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. घरात सातवी पास मी एकटाच, त्यामुळे आलेला प्रत्येक कागद माझ्या हातात यायचा. मी तो आधी मनात वाचायचो, चेहरा गंभीर करायचो आणि मग मोठ्यानं सांगायचो. (मधे काही अडलं तर पदरचं घालून जुळवून द्यायचो. हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं.)

आईचा धाकटा भाऊ तुळशीराममामा वीस वर्षांपूर्वी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ऊस तोडायला त्रिनिदादला गेला होता. आम्ही त्या बेटाला चिनीदाद म्हणायचो. तो कलकत्त्याला उतरल्याचं कळलं तेव्हा आईनं त्याला कमळीच्या लग्नाची तिथी कळवली. उलट टपालानं कोण्या मुनीमाकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं : ‘कमळीच्या लग्नात तंबू-बांबू माझा. दुसऱ्या कोणाला सांगू नका.’

"म्हंजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हंजे मांडव मामाचा," मी म्हणालो. "तंबूबी तोच आनते, बांबूबी तोच आनते."

"बांबू तिकडून काहून आनून राह्यला? आपल्या मेळघाटात का बांबू कमी हायेत?"

"तिकडले मजबूत असतीन."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांनी भाऊ येतो काय आणि भाचीसाठी समुद्रापलीकडून तंबू आणतो काय! बाबांनी त्याच संध्याकाळी मांडववाल्याला नाही म्हणून सांगितलं. वैशाखाचे दिवस होते, त्यानं लगेच दुसरं लग्न धरलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मामा आला. डोक्यावर टोपी, हातात पत्र्याची पेटी. मी त्याच्या मागं पाहिलं. त्याला घेऊन आलेली बैलांची दमणी रिकामी होती.

"मामा, तंबू मागून येऊन राह्यला का?"

"तंबू माह्या हातात हाये," मामानं दोन्ही तळवे दाखवले. "बांबू कोठी हायेत, ते सांग."

आपलं वाचन चुकलं, हे मला कळलं. पण सातवी पास माणूस चूक कबूल करत नसतो. मी कोणाला काही न बोलता गाडी जुंपली, वखारीतून चाळीस बांबू आणले, निंबाखाली टाकले आणि मांडववाल्याचे पाय धरायला गेलो. तो गावातच नव्हता. दुपारी परत आलो तर मामा निंबाखाली करवत घेऊन बसलेला. चाळीसच्या चाळीस बांबूंचे तुकडे झाले होते. काही पुरुषभर, काही हातभर, काही वीतभर.

"चांगले बांबू आनले, दिगू," मामा म्हणाला. "म्हंजे तुले समजलं होतं."

मग मला समजलं. तिकडं सरकारनं ढोल वाजवायला बंदी केली, तेव्हा लोकांनी बांबू आपटायला घेतले. लांब बांबू जमिनीवर आपटायचा, आखूड बांबूवर काडी मारायची. तिकडच्या बोलीत तंबू म्हणजे ढोल, म्हणून त्या बाजाचं नावच तंबू-बांबू.

"वर्साचे दोन दिवस सारं बेट रस्त्यावर येते," मामा सांगत होता. "गानारे तंबूत बसतेत आन् समोर येईन त्याच्यावर उभ्या उभ्या गानं जोडतेत. लाटसाहेबालेबी सोडत नाहीत."

"म्हंजे तंबू असते ना?" मी तेवढंच धरलं.

"असते. तिकडं."

तोवर वखार बंद झाली होती, नवे बांबू मिळेनात, आणि उजाडताच अकोल्याचं वऱ्हाड दारात उभं राहिलं. व्याही गाडीतून उतरले, त्यांनी वर पाहिलं. वर आकाश होतं.

"मांडव कोठी हाये?"

बाबांनी निंबाखालच्या तुकड्यांकडं पाहिलं.

"मांडव नाही तिथं आमी पोरगं उभं करत नाही. गाड्या जुपा."

बाबा पागोटं काढून उन्हात उभे राहिले. मी घरात पळालो. हळद लागलेली कमळी कोपऱ्यात बसली होती. तिनं ते पत्र हातात धरलं होतं, उलटं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "आखीन एकदा वाचून पाय ना. काही दुसरं निंघते का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर मी इतकं काही जुळवून दिलं, पण त्या दोन ओळींत आता काही जुळेना.

तेवढ्यात बाहेर धम्म झालं. मामानं आमच्याच वाजंत्र्यांच्या हातांत बांबू दिले होते. धम्म, टक, टकटक. बैल बिचकले, गाड्या जुंपणारे थांबले. मामा टोपी तिरपी करून थेट व्याह्यांसमोर गेला आणि गाऊ लागला :

"व्याही आमचे तापले भारी, फेट्यावर शिजन डाळ!"

आईनं पदर तोंडात धरला. व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाहायची कोणाची हिंमत नव्हती. मामानं टाच आपटली आणि बोट माझ्याकडं वळवलं :

"भाचा माहा सातवी पास, पत्र वाचते झकास,
मांडव राह्यला कागदावर, वऱ्हाड उन्हात उदास!"

व्याह्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "म्हंजे, यानं वाचलं?"

मी मान हलवली.

आधी त्यांचं पोट हाललं, मग मिशा. मग ते गाडीचं चाक धरून हसत खालीच बसले. बाबांनी तेवढ्यात पागोटं पुन्हा बांधून घेतलं. आईनं त्यातला सर्वांत लांब बांबू मुहूर्तमेढ म्हणून निंबाखाली रोवला, त्याला आंब्याचे डहाळे बांधले आणि त्याच सावलीत कमळीचं लग्न लागलं. अक्षता पडेपर्यंत व्याह्यांना ते गाणं पाठ झालं होतं. कमळीच्या आधी ते अकोल्याला पोचलं.

पुढं तिची लेकरं मला तंबूमामा म्हणत मोठी झाली. परवा भाचीच्या लग्नाचं पत्र आलं. मी ते आधी मनात वाचलं, चेहरा गंभीर केला. शेवटी कमळीनं लिहवून घेतलं होतं : ‘दादा, तू फक्त ये. आणि हे पत्र कोणाकडून तरी वाचून घे.’